आडाची मंजुरी

देवावर भरवसा ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, नवसावर आणि हकिमाच्या पुडीवर ठेवणारीही पाहिली; पण सरकारच्या फायनान्स खात्यावरून जीव ओवाळून टाकणारा माणूस अख्ख्या निजामी राज्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला. हे माझे चुलत सासरे, आमचे काका. बीडच्या तहसिलीत ते खजिन्यावर कारकून होते. मी तेव्हा तिथल्याच अदालतीत नवा नवा वकील. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते शेजारी येऊन बसले आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा की, फायनान्सचं खातं राज्यात का आणि कसं आलं, हे ठाऊक आहे का. मी नाही म्हणालो. भात गार होईपर्यंत मला ते ठाऊक झालेलं होतं.

ती कथा पुढे मी इतक्यांदा ऐकली की झोपेतही म्हणून दाखवीन. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आधी सगळा अंधार होता. राज्याला खर्चाला कमी पडलं की दिवाणांचा माणूस सावकाराच्या पेढीवर जायचा, सावकार त्या बदल्यात अख्खे तालुके वसुलीला लिहून घ्यायचा, आणि पगार थकलेले शिपाई कचेरीच्या दारात धरणं धरून बसायचे. मग कुणी एक शहाणे दिवाण आले. त्यांनी वसुलीचे मक्ते मोडले, जिल्हे आखले, जिल्ह्याजिल्ह्याला खजिना दिला, आणि पुढे बल्द्यात फायनान्सचं खातं बसलं. हैदराबादला ते बल्दाच म्हणत, आणि म्हणताना नकळत पाय जवळ घेऊन सावरून बसत. तेव्हापासून पोलिसांना घोडा घ्यायचा असो की शाळेला फळा, आधी फायनान्सची मंजुरी. साल सुरू होण्याआधी अंदाज बांधायचा, त्यात तरतूद असेल तेवढंच खर्चायचं आणि साल संपलं की उरलेलं मुकाट्यानं परत करायचं. इथवर आले की काका बोट वर करायचे. "फौज राज्य जिंकती, जावईबापू," ते म्हणायचे, "पर राखतंय ते फायनान्स." न्हाव्यापुढे मान वाकवलेली असतानाही ते हे सांगत. पाली गावी एका बारशाला तर पाळण्याची दोरी हातात धरून सांगितलं. पोर झोपलं. त्या कथेला आयुष्यात मिळालेलं यश एवढंच.

बल्दा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. त्यामुळे भक्तीला कुठे धक्काही लागला नव्हता. खजिन्याच्या पेटीला दोन कुलपं असत; एकाची किल्ली तहसीलदारांकडे, दुसऱ्याची खजिन्यावरच्या कारकुनाकडे, म्हणजे काकांकडे, आणि दोन्ही किल्ल्या समोरासमोर आल्याखेरीज पेटी उघडायची नाही. काकांनी घरच्या फडताळाला हीच पद्धत लावली. एक किल्ली काकूंच्या कमरेला, दुसरी यांच्या जानव्याला. एकदा ते मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, सरकारी कामानं गेले आणि मागे दिंद्रुडचे व्याही सहकुटुंब घरी उतरले. तूप, गूळ, सांज्याचा रवा, सगळं फडताळात. काकूंनी व्याह्यांना ठेचा-भाकरी वाढली आणि लाजेनं दिवसभर चुलीपुढून उठल्या नाहीत. काका परत आले ते गल्लीभर बायकोचं कौतुक करत सुटले, की दुसरी किल्ली नव्हती तर बाईनं फडताळाला हात लावला नाही. व्याही पुन्हा कधी त्या घरी उतरले नाहीत.

सरकारी फसली साल आबान महिन्यात संपायचं आणि आजूर लागला की नवं सुरू व्हायचं. दसऱ्याच्या आसपासचे हे दिवस. आबानच्या अखेरीला काका घरातली उरलेली डाळ, हळद, खोबरं फडक्यात बांधून वाण्याला परत करायला निघत. वाणी निमूट घ्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी आजूर लागला की तीच फडकी काका नव्यानं विकत न्यायचे. आम्ही हसायचो. काकू हसायच्या नाहीत. त्यांच्या संसाराला तोवर फार वर्षं झाली होती.

हसायचं तरी किती? त्या घरात एक दुखणं होतं आणि ते रोज डोळ्यांपुढे यायचं. गल्लीत एक सरकारी आड होता. त्याचं बांधकाम एका पावसाळ्यात आत ढासळलं आणि पाणी गाडलं गेलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका बिंदुसरेवरून पाणी आणायच्या. नदीची चढण दगडाधोंड्यांची. काकूंचे गुडघे धरलेले. चढणीवर त्या मध्येच थांबायच्या, डोक्यावरची घागर न उतरवता, कारण उतरवली तर पुन्हा चढवायला कुणी नसे. आड झाला नाही तर ही बाई एक दिवस या चढणीवर बसेल ती उठणार नाही, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. काकांनाही दिसत होतं. त्यांनी तहसिलीमार्फत बल्द्याला अर्ज केला. मग दुसरा केला. सरकारी काम, सहा महिने थांब, असं कुणी म्हणालं की त्याच्याशी ते बोलणं टाकायचे. गल्लीनं एकदा वर्गणी काढून पाथरवट बोलावले, तर काका आडाच्या काठावर जाऊन उभे राहिले. सरकारी आडाला खाजगी हात लागला की मंजुरीची वाट कायमची बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. पाथरवट परत गेले. गल्लीनं काकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आणि मंजुरी आली. खरोखर आली. मी त्या दिवशी स्टांपाच्या कामासाठी खजिन्यातच उभा होतो. गोदावरीला पूर होता आणि जालन्याकडून येणारी टपालाची गाडी शहागडला अडकून पडली होती, ती त्या दिवशी पोचली. लिफाफ्यावर फायनान्सचा शिक्का. काकांनी तो आधी कपाळाला लावला, मग फोडला. वाचता वाचताच मला म्हणाले, तुमच्या काकूला जाऊन सांगा. मी दारापर्यंत गेलो असेन, तर त्यांनीच हाक मारली. मंजुरी सरल्या सालातली होती. आबान संपला होता. आजूर लागला होता.

तहसीलदार भला माणूस. त्यांनी स्वतः उठून येऊन सांगितलं की मागची तारीख टाका, पूर आला त्यात आडाचा काय गुन्हा, मी सही करतो. त्यांच्या हातात त्यांची किल्लीसुद्धा होती. काकांनी आपली काढली नाही. हात किल्लीपर्यंत गेला, पण किल्ली काढली नाही. सालाची तरतूद सालाबरोबर सरते, एवढंच ते पुन्हा पुन्हा बोलत राहिले. संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतःच्या हातानं आडाची मंजुरी बल्द्याला परत पाठवली. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आदळआपट केली नाही. रिकामी घागर उचलता उचलता म्हणाल्या, "तुमचं साल सरलं. माझी खेप कवा सरणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बीडनं एक नवल पाहिलं. खजिन्यावरचे कारकून, डोक्याला कचेरीत बांधायचा फेटा, खांद्यावर घागर, बिंदुसरेची चढण चढत होते. घाटावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पोरांनी मागे लागून आरडाओरडा केला. काका कुणाशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यावर त्यांनी घागर चढू दिली नाही, ना उन्हाळ्यात ना थंडीत. वय त्यांचंही काही कमी नव्हतं. एकदा चढणीवर गाठून मी घागर मागितली, तर खांदा बदलला आणि म्हणाले, मंजुरी येईपर्यंतची ही तात्पुरती व्यवस्था आहे, ती माझ्याकडेच आहे. दर साली ते नवा अर्ज करत राहिले. दर साल कोरडं गेलं.

मग एका खटल्यासाठी मला बल्द्याला जायचं निघालं. काकांनी जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. म्हणाले, तेवढं फायनान्सला जाऊन आडाचं विचारून या. मी गेलो. मोठमोठे खांब, पंखे ओढणारे पोरगे, मेजांच्या रांगा. एका वयस्क अहलकारांनी, म्हणजे तिथल्या कारकुनांनी, पान खात खात बीडचे कागद काढायला लावले, वाचले आणि हसले. वाईट माणूस नव्हते. म्हणाले, सालअखेरीला उशिरा पोचलेली मंजुरी सगळेच तालुके मागची तारीख टाकून घेतात, आम्हीही डोळेझाक करतो. तुमच्या बीडनं तेवढी परत पाठवली. परत आली, तेव्हा गरज नसावी असं समजून आडाचं नाव यादीतून काढलं. एकदा काढलेलं नाव परत चढत नाही. एवढं सांगून त्यांनी मलाही पान पुढे केलं.

परतलो तो सरळ काकांच्या ओसरीवर. काका वाटच पाहत होते, धुतलेली बंडी घालून बसले होते. काकू दाराशी उभ्या होत्या. वाटभर मी ठरवत आलो होतो की काय सांगावं आणि काय गाळावं. पण त्या माणसासमोर गाळणं जमलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी एकच पुन्हा विचारलं, आडाचं नाव का काढलं म्हणून. तेही पुन्हा सांगितलं.

काकांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. घागरीनं त्यावर घट्टे पडले होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "परत आलं, म्हंजे गरज न्हाई. मी तितं बसलो असतो तर मीबी हेच लिवलं असतं."

त्यांनी एक शिवी हासडावी म्हणून मी जीव टांगणीला लावून बसलो होतो. बल्द्याला, अहलकाराला, गोदावरीला, निदान मला. ते उठले, खुंटीवरचा फेटा बांधला आणि घागर खांद्यावर घेतली. ऊन डोक्यावर आलेलं. काकू म्हणाल्या की पहाटेच समदं भरलंय, रांजण काठोकाठ हाय. त्यांनी ऐकलं नाही. पायरी उतरून, वळणावरून ते नदीकडे दिसेनासे झाले.

काकूंनी पदर खोचला. मग आत गेल्या, तांब्या घेतला आणि रांजणातलं पाणी उपसून परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतायला लागल्या. पाय ओढत आत-बाहेर करत होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय.

"ते येतील आता," त्या म्हणाल्या. "घागरीपुरती जागा पायजे ना."

मी दुसरा तांब्या शोधला आणि त्यांच्याबरोबर पाणी ओतू लागलो.