डेमो ‘बॉम्ब’सारखा गेला म्हणे!

मंडळी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!

आज हेब्बाळच्या ऑफिसातून मी लंडनच्या क्लायंटला पहिल्यांदाच एकटीने डेमो दिला. तासाभराने तिकडच्या मॅनेजरबाईंचा मेसेज आला, ‘इट वेंट लाइक अ बॉम्ब.’

सहा वर्षं अमेरिकन टीमबरोबर काम केलंय. त्यांच्याकडे ‘बॉम्ब’ झाला म्हणजे साफ आपटला!

शेजारी बसणाऱ्या सुमाअक्का त्यांच्या कानडी-मराठीत म्हणाल्या, “स्वल्प थांब गं, जराशी, आधी नीट विचार तरी त्यांना.” पण मी तडक मीटिंग रूममध्ये जाऊन बाईंना फोन लावला आणि माफीच मागायला लागले.

बाई गोंधळल्या. “माफी कसली? आम्ही इकडे असं म्हणतो तेव्हा काम दणक्यात झालेलं असतं! पुढचा अख्खा प्रोजेक्ट तूच सांभाळायचास.”

फोन ठेवून मी अशी किंचाळले की सुमाअक्का धावत आल्या. त्यांना वाटलं, माझी नोकरी गेली! मी त्यांना घट्ट मिठीच मारली.

खरं सांगा, कुणी कौतुक केलं म्हणून तुम्ही कधी माफी मागितलीय का?