शेवटच्या बाकावरचे मामाजी

जगात तयारी नावाची जी काही गोष्ट आहे, ती माझ्या सासऱ्यांनी एकट्याने करून संपवली असावी. बाकीच्यांना आयत्या वेळी धावपळ करण्यावाचून काही उरलेलंच नाही. मी त्यांना मामाजी म्हणते. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत त्यांची उभी हयात गेली आणि तिथला एक नियम ते निवृत्त होताना घरी घेऊन आले. "मशीन पयले खाली चालवून पाहावं, मंग माल टाकावा." खाली म्हणजे रिकामं. हा नियम त्यांनी मशीनपुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वरातीच्या नेमक्या वेळी, ते एकटेच स्कूटरवरून कार्यालयापर्यंत जाऊन आले, वाटेत गर्दी कुठे लागते ते पाहायला. ओळखीचं कोणी भेटलं की सांगायचे, "काही नाही गा, वरातीची ट्रायल घेऊन राहिलो." सीताबर्डीला साडी घ्यायला जायचं असलं तर आदल्या दिवशी जाऊन, बायकांना बसायला खुर्ची कोणत्या दुकानात आहे, ते बघून येतात. उपाशीपोटी रक्त तपासायचं असलं तर आधी एक दिवस घरीच उपाशी राहून बघतात. सासूबाई या सगळ्याला येडेपणा म्हणतात. वरात मात्र वेळेवर पोचली होती, हे त्या कधी बोलत नाहीत.

तर अशा माणसाच्या हाती मी सापडले ती बी.एड. करताना. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी उशिराच प्रवेश घेतला होता. अभ्यासाचं काही वाटत नव्हतं, पण माझा आवाज मुळात बारीक. कॉलेजात आम्ही एकमेकींना विद्यार्थी मानून पाठ घ्यायचो, तेव्हा मागे बसलेल्या आमच्या मॅडम दर वेळी तेच म्हणायच्या, "आवाज इथपर्यंत पोचत नाही." आणि आता पहिली शाळाभेट तोंडावर आली होती. धरमपेठेतल्या एका शाळेत, सहावीच्या वर्गावर, प्रत्येकीने एक छोटा पाठ घ्यायचा होता. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नाही तर तुला यंदा शाळेत शिकवायला वर्ग मिळणार नाही, असं मॅडमनी मला स्वच्छ सांगितलं होतं. मी घरी येऊन पोळ्या लाटता लाटता रडले. सासूबाईंनी मामाजींच्या कानावर घातलं, तर त्यांचा चेहरा दिवाळी आल्यासारखा उजळला.

"एवढ्यासाठी काहून रडून राहिली वं?" ते म्हणाले. "आपन खाली चालवून पाहू ना!"

दुसऱ्या दिवशी ते शाळा बघून आले. फाटकावरच्या शिपायाला चहा पाजून त्यांनी सगळा तपशील आणला होता: सहावीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला आहे, ऑटोचे हॉर्न ऐकू येतात, सकाळी ऊन फळ्यावर पडतं, आणि "पोट्टे काही वाईट नाहीत, पन चुळबुळ लय करतेत." घरात त्या दिवसापासून पोह्यांवरची तर्री बंद झाली, कारण तिखटाने घसा बसतो. मी एकटीनेच बंद करून चाललं असतं, पण मामाजींनी स्वतःचीही बंद केली. नागपूरच्या माणसाने सकाळी कोरडे पोहे खाणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही.

मग सराव सुरू झाला. माझा विषय होता बाष्पीभवन, म्हणजे ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी जातं कुठे. मामाजी आधी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थी होऊन बसले. मी दोन वाक्यं बोलले की त्यांचा हात वर. "आवाज येऊन नाही राहिला!" मग ते अंगणात गेले, मी घरातून बोलायचं. मग फाटकाबाहेर. मग रस्त्यापलीकडे, शेजारच्या काकूंच्या गच्चीवर. तिथून ते हात हलवून आणखी मोठ्याने, आणखी मोठ्याने असं खुणावायचे आणि मी अंगणात उभी राहून ओरडायचे, "मुलांनो, पाण्याची वाफ होते!" काकू गच्चीवर खरोखरीच कपडे वाळत घालत होत्या. त्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "झाली वं बाई, झाली वाफ! आता पोरीले पानी तरी पाजा कोनी!" दुपारी गल्लीतलं बुद्धविहार रिकामं असायचं, तिथेही आम्ही जायचो. मामाजी दाराजवळ बसायचे, मी टोकाला उभी. गिरणीत यंत्रांच्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं तोंड नीट उघडून आणि हातांनी दाखवून बोलतात. तेही त्यांनी मला शिकवलं. वाफ कशी वर जाते ते दाखवताना त्यांचे हात इतके हलके व्हायचे की मी पाठ विसरून बघत राहायचे.

मी वैतागायचे, नाही असं नाही. घसा दुखायचा आणि अख्ख्या गल्लीला बाष्पीभवन पाठ झालं होतं. पण खरं सांगते, माहेरी मी बोलायला लागले की कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. माझं बोलणं ऐकण्यासाठी उन्हात, परक्याच्या गच्चीवर जाऊन बसणारा माणूस मला सासरी भेटला.

शाळाभेटीच्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले, श्वास घेतला आणि म्हणाले, "मुलांनो!" पहिल्या बाकावरच्या मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले. खिडकीतली कबुतरं उडाली. भांडण कुठे चाललंय ते पाहायला शेजारच्या वर्गातल्या बाई दारात आल्या. मागे बसलेल्या आमच्या मॅडम हातानेच 'खाली, खाली' करत होत्या, पण माझं मशीन आता थांबत नव्हतं. पाठ संपवला तेव्हा शेवटच्या बाकावरचीच काय, मधल्या सुट्टीची खिचडी शिजवणाऱ्या बायाही बाष्पीभवन शिकल्या होत्या. वर्ग मला मिळाला. सही करताना मॅडम हसत म्हणाल्या, "घरी कोणाला कमी ऐकू येतं का गं?"

मीही हसले. परत येताना मेट्रोत बसल्यावर ते हसू हळूहळू गेलं.

घरी आले तेव्हा मामाजी पाठमोरे बसून स्कूटर पुसत होते. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मामाजी, वर्ग मिळाला मला." ते पुसत राहिले. मी पुन्हा म्हणाले. मग त्यांच्या समोर गेले, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी लगेच विचारलं, "भेटला का वर्ग?" मी बोलते तेव्हा मामाजी किती मायेने चेहऱ्याकडे बघतात, असं मला लग्नापासून वाटत आलं होतं. माया होतीच. पण ते ओठ वाचत होते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गिरणीतल्या आवाजाने मामाजींचे कान कधीचेच गेलेत. सासूबाई म्हणाल्या, "मले तं मोठ्यानं बोलाची सवयच लागली होती, बाप्पा." कानाचं मशीन लावा म्हटलं तर मामाजींनी एका जुन्या सोबत्याचं मशीन ट्रायलसाठी मागून आणलं आणि डबीतच ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या सरावाला मात्र ते येईनात. पुढचा पाठ जवळ आला तरी अंगणातल्या खुर्चीत तोंड फिरवून बसायचे. शेवटी मीच समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "कान माये खराब, अन् मी तुया आवाजाले नाव ठेवत राहिलो. लेकरासारखी ओरडवली तुले उन्हात."

मी स्टूल ओढला, त्यांच्या गुडघ्याशी बसले आणि माझ्या मूळच्या बारीक आवाजात नवा पाठ सुरू केला. ते माझ्या ओठांकडे बघत होते. एका वाक्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हात वर केला आणि आजवर जे कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले, "मॅडम, हे एकदा परत सांगता का?"

मी परत सांगितलं.