वसुधाकाकूंच्या सायकलचं हँडल

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूत त्र्यंबककाकांना विचारल्याशिवाय मराठी पोरं गाडी घेत नसत. तीस वर्षं विमानांचे भाग बनवलेला माणूस; आलेखाच्या कागदावर आकडे मांडल्याशिवाय साधी कढई घेणार नाही. २००३ साली बायकोची सायकलही त्यांनी तशीच घेतली. हँडल शर्यतीचं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. वाकून चालवलं की वारा कमी लागतो, हे त्यांनी वसुधाकाकूंना कागदावर सिद्ध करून दाखवलं. घरापुढच्या चढावर ताशी चार मैलांनी जाणाऱ्या बाईला कसला आलाय वारा, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

चढ संपतो तिथे तळं आहे. त्याच्या काठी बाकावर बसून दोघांनी थर्मासमधला चहा प्यायचा, एवढाच काकूंचा बेत. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, मनगटं दुखतात, मान आखडते, चढाला श्वास पुरत नाही.

"होईल सवय," काका म्हणाले.

शिकलेला माणूस एकदा बरोबर ठरला की बायकोचं दुखणंही त्याला चुकलेलं उत्तर वाटतं. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही. महिन्याभराने सायकल गराजमध्ये गेली. २००६च्या डिसेंबरात काकूही गेल्या.

पुढच्या मे महिन्यात पीएच.डी. करणाऱ्या नागपूरच्या वैदेहीला काकांनी ती सायकल दिली. दोन दिवसांत वैदेही सायकल घेऊन परत आली.

"काका, सायकल मस्त आहे, पण चढावर हातांना मुंग्या येतात. हँडल चेंज करू या का?"

काकूंना म्हटलेले तेच दोन शब्द काकांच्या तोंडापर्यंत आले. त्यांनी ते गिळले. तिला डोळे मिटून, दुकानातली कार्ट ढकलावी तसे हात पुढे करायला सांगितले. हात आपसूक थांबले तिथली रुंदी मोजली, उंची मोजली. मिनिटभराचं काम. मग रुंद, उंच, टोकं जरा मागे वळलेलं हँडल आणलं; पाठ ताठ, छाती मोकळी, चढाला दोन्ही हातांनी जोर लावता येईल असं.

जुन्या हँडलवर गुंडाळलेली काळी पट्टी उलगडली, तर खाली कापड निघालं. काकूंच्या सुती साडीच्या चिंध्या, तळवे टेकतात तिथे पाच पदरी, सुईदोऱ्याने शिवलेल्या. वरून पट्टी पुन्हा गुंडाळलेली, काकांना कळू नये इतकी नीट.

"हे काय?" वैदेहीने विचारलं.

"तिनं सवय करून बघितली होती," काका म्हणाले.

नवं हँडल लावल्यावर वैदेही न उतरता चढ चढली. वरून तिने हाक मारली, बाक रिकामा आहे, या ना काका. काकांनी हातानेच नाही म्हटलं. ते खालीच उभे राहून हातातल्या जुन्या हँडलवरचे टाके अंगठ्याने चाचपत होते. एकही सुटला नव्हता.