आमच्या घरातल्या गोदावऱ्या

नावांचे किस्से सिंकखाली कोंबलेल्या पिशव्यांसारखे असतात. एक हवी म्हणून ओढावी, तर तिच्या पोटातून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि बघता बघता सगळं किचन भरतं. इल्फर्डच्या आमच्या मंगळवारच्या मंडळात मी एकच सांगायला म्हणून तोंड उघडते, तर बायका खुर्च्या जवळ ओढतात. "सांगा आजी, हॉल पाचपर्यंत आपलाच आहे!"

पण यंदा मी हे किस्से मजेनं सांगत नव्हते. माझी नात मृणाल केंब्रिजला असते, कसलंसं संशोधन करते. तिला मुलगी होणार होती, आणि बाळ यायच्या आधीच नाव ठरून बसलं: गोदावरी. माझ्या सासूबाईंचं नाव. सगळे खूश! आणि मी? धुतलेली कोथिंबीर पुन्हा धुवायची, बंद केलेला गॅस परत जाऊन बघायची, सोफ्यावर टेकले की लगेच उठायची. का, ते सांगतेच. पण आधी सुधाचं ऐका.

*

मंडळात तीन सुधा. डॉक्टर सुधा, डायबेटिस सुधा आणि नुसती सुधा. पहिली हॉस्पिटलातून रिटायर झालेली, दुसरीची शुगर गुलाबजाम नुसता बघितला तरी वाढते, आणि तिसरीला काहीच नाही, म्हणून ती नुसती.

एका सकाळी ग्रुपवर मेसेज आला, "सुधा गेली." एवढंच! त्या आठवड्यात डायबेटिस सुधा हॉस्पिटलात होती. मग विचारायचं काय राहिलं? एकमेकींना फोन, रडारड. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात केला आणि आम्ही चौघी बसनं तिच्या दारात.

बेल वाजवली. दार उघडलं खुद्द सुधानं! आदल्या दिवशीच तिला घरी सोडलं होतं. आमची तोंडं आणि हातातला डबा बघून बिचारी भिंतीला टेकली. "अगं बाई! कोण गेलं?"

बाकीच्या तिघी माझ्या मागं सरकल्या. शेवटी मीच म्हटलं, "तू."

नुसती सुधा लेस्टरला मुलीकडे गेली होती हो!

डायबेटिस सुधानं डब्याचं झाकण उचलून वास घेतला. म्हणाली, "पिठलं आहे ना? मग या आत. माझ्या नावाचं केलंय तर मीच वाढते. भात मात्र तुम्ही संपवा, मला चालत नाही."

*

मृणाल लहान असताना एकदा शाळेतून इथल्या राजांची चित्रं घेऊन आली. एकाच नावाचे आठ राजे! मी म्हटलं, "यांच्याकडे नावांचा दुष्काळ पडला होता का गं?"

"आजी, नंबर असतो ना. फर्स्ट, सेकंड, थर्ड."

"मग त्याची आई हाक कशी मारायची? 'आठव्या, दूध पी'?"

पोर हसून हसून सोफ्यावरून खाली आली. दुसऱ्या दिवशी तिनं हाच प्रश्न टीचरला विचारला. टीचरनं शाबासकी म्हणून सोनेरी स्टिकर दिला. प्रश्न माझा आणि स्टिकर तिला!

आमच्याकडे नंबर नसतात, माणसाची खोड असते. आम्ही नाशिककडची माणसं, नदीचं नाव दर घरात. माझ्या सासरी पहिली झाली ती तपकीरवाली गोदावरी. दुसरी मुकी गोदावरी. हिची वाचा गेली नव्हती बरं का! वेलावरचा पहिला भोपळा नवऱ्यानं हिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकला. झालं! त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद. बोलायची ती गायीशी. "कपिले, सांग यांना, पान वाढलंय." तोही गोठ्याकडे तोंड करून म्हणायचा, "कपिले, सांग तिला, आमटीत मीठ कमी आहे." अख्खा संसार झाला, पोरं झाली, सगळं गायीमार्फत!

गाय म्हातारी होऊन मेली, तेव्हा नवरा हमसून हमसून रडला. लोक म्हणाले, जनावरावर केवढी माया! तो म्हणाला, "जनावराचं जाऊ द्या हो. आता हिच्याशी बोलू कसा?"

तिसरी माझी सासू. आणि चौथी होती, ती कुणाला ठाऊक नाही. चौथी मी.

*

माझं माहेरचं नाव गोदावरी. आई "गोदे!" म्हणून ओरडली की आवाज नदीपलीकडे जायचा. लग्न ठरलं आणि सासूचं नावही गोदावरीच निघालं. आता आली का पंचाईत! "गोदावरी, भांडी घास" असं सुनेला कोण म्हणणार? घरात सगळे सासूला चळाचळा कापणारे. म्हणून माझं बदललं. ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं. ते पुढं इल्फर्डला आल्यावर नातीबरोबर शिकले. ते नाव कुणी मोठ्यानं वाचलंही असेल, पण त्याच वेळी बँडवाल्यांना जोर चढला. मला वाटलं, माझंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सुरू, "सुशीला! अगं सुशीला!" मी आपली शांत. मनात म्हणते, कोण ही सुशीला? भलतीच निगरगट्ट दिसते, एवढ्या हाका मारून येत नाही!

चार दिवसांत घरात कुजबुज, बहिरी मुलगी गळ्यात मारली. सासूबाईंनी मला डॉक्टरकडे नेलं. त्यानं मागं जाऊन टाळी वाजवली, मी दचकले. कानाशी घड्याळ धरलं, टिकटिक ऐकू आली. मग म्हणाला, "नाव काय, बाळ?"

"गोदावरी."

"ते माझं!" सासूबाई कडाडल्या.

डॉक्टर म्हणाला, "कान ठणठणीत आहेत. औषध काही नाही. फक्त दोघींनी एकदा बसून ठरवून घ्या."

ठरवायचं काय! मी सुशीला झाले. सवय झाली. मग एकदा सासूबाईंचे भाऊ आले, त्यांनी अंगणातूनच बहिणीला हाक मारली, "गोदे!" आणि गोठ्यातून मी शेणाच्या हातांनी "ओ, आले!" म्हणत धावले. पुढच्या दारातून सासूबाई आल्या, मागच्या दारातून मी. मामा एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे!

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हात धू आणि मामांना पाणी दे." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला सुशीला म्हणून हाक मारली नाही. "अगं" म्हणायच्या. नुसतं "अगं".

हे माहीत असलेलं आता कुणी उरलं नाही. माझा मुलगा रवी नंतरचा. त्याची आई सुशीला, पासपोर्टवर सुशीला, संपलं.

*

एकदा मात्र सांगायची वेळ आली होती. क्रॉयडनला व्हिसाच्या ऑफिसात गेलो होतो, रवी आणि मी. काचेपलीकडची मुलगी चांगली हसरी. तिनं काहीतरी विचारलं, रवीनं मला मराठीत सांगितलं, "आई, ती विचारतेय, तुला कधी दुसऱ्या नावानं ओळखायचे का?"

मी खुर्चीत सरळ बसले. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तर कुणी, क्रॉयडनच्या पोरीनं!

"ओळखायचे की," मी म्हटलं. "त्याचं असं झालं, आमच्या घराच्या मागं नदी..."

रवीनं वळून मागची रांग बघितली. "आई, थोडक्यात."

"थोडक्यातच सांगते. माझी आई रोज सकाळी..."

रवी काचेकडे वळून म्हणाला, "नो."

नदी, आई, सकाळ, सगळं त्या एका "नो"मध्ये बसलं. इंग्रजी भाषा भारी आटोपशीर! परत येताना ट्रॅममध्ये त्यानं विचारलं, "काय सांगत होतीस गं मघाशी?" मी तोंड उघडते तोच आमचा स्टॉप आला.

*

मृणालचा नवरा डॅनियल. पोरगा गुणी आहे, वरण-भात हातानं खातो. त्यांच्यात आजी जिवंत असतानाच तिचं नाव बाळाला देतात, आणि त्यात आजीचा मान असतो. त्याची आजी आयव्ही, त्याच्या बहिणीची मुलगीही आयव्ही. बिग आयव्ही आणि लिटिल आयव्ही! मोठी धाकटीला मांडीवर घेऊन अख्ख्या चर्चला दाखवून आली.

तर एका रविवारी आमच्याकडे जेवताना तो म्हणाला, "व्हाय नॉट सुशीला? आफ्टर आजी!"

रवीच्या हातातला डाव वरणात पडला. "नो, नो, नो! आमच्यात जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत. गेल्यावरच ठेवतात."

मृणालनं ते इंग्रजीत समजावलं. डॅनियलनं शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला, आणि अगदी अदबीनं विचारलं, "आय सी. सो... हाउ लाँग डू वी वेट?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनबाईसुद्धा!

मी म्हटलं, "बाळाचं नऊ महिन्यांत उरकतं. माझं काही सांगता येत नाही, बाबा."

मृणालचे कान लालबुंद झाले. सगळे पोट धरून हसले, आणि त्या हसण्यातच रवी म्हणाला, "माझ्या आजीचं ठेवू या. गोदावरी."

"वॉव! तो नाव किती सुंदर आहे!" मृणाल म्हणाली.

"ते नाव," मी म्हटलं. सवयीनं बोलले. आणि भात कालवायला लागले.

आता माझी अडचण बघा. बोलले, तर रवी तिथल्या तिथे नाव रद्द करणार, कारण जिवंत गोदावरी त्याच्यासमोर भात कालवत बसली होती. नाही बोलले, तर एका घरात दोन जित्या गोदावऱ्या. म्हणतात, एकीचं दुसरीला बाधतं. मला काय व्हायचं ते होवो, माझं झालंय सगळं. पण त्या लेकराला काही झालं तर? आणि खरं सांगू? मला ती हाक घरात ऐकायची होती. म्हणून जीभ रेटेना, आणि म्हणूनच जीव थाऱ्यावर राहीना.

*

शेवटी डायबेटिस सुधाला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आम्ही तीन सुधा वर्षानुवर्षं एका हॉलमध्ये बसतो. कुणाला काय बाधलं?"

"तुला शुगर आहे."

"ती जिलेबीमुळे! आणि मला तर तुम्ही पिठल्यासकट पोचवायला आला होतात. आहे की नाही मी?"

"मग रवीला सांगू म्हणतेस?"

"सांगितलंस तर काय होईल?"

"नाव बदलेल."

"मग ही जिलेबी तोंडात धर आणि गप्प बस."

धरली. पण केंब्रिजचा फोन वाजला की मी आधी देवाला हात जोडायची, मग उचलायची. मृणालला उलटी झाली की मला वाटायचं, माझ्यामुळे. बाळ सुखरूप आलं, आई सुखरूप, सगळे पेढे वाटतायत, आणि मी फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारतेय, "दूध पिते ना? रंग कसा आहे? श्वास नीट घेते ना?" रवी म्हणाला, "आई, तुझं काय चाललंय? डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाहीत!"

*

बारसं केंब्रिजलाच, मृणालच्या घरी. सुधाला मी सोबत नेलं, धीर म्हणून. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे डॅनियलची बहीण, क्लेअर. बिचारी आठवडाभर नाव घोकत होती. पण आत्या वाकली की मागून बायका "कुर्रर्र" म्हणत तिच्या पाठीत बुक्के घालतात, हे तिला सांगायचं राहिलं!

क्लेअर पाळण्यात वाकली. आम्ही सगळ्याजणी तयार होतोच. धपाधप!

"गॉड!" क्लेअर किंचाळली, "...अ वरी!"

खोली हसून फुटायची बाकी राहिली. कोपऱ्यातून बिग आयव्हीनं काळजीनं विचारलं, "व्हॉट वरी, डिअर?"

मी हसले नाही. मी त्या एवढ्याशा छातीकडे बघत होते, खाली-वर होतेय ना म्हणून.

होत होती! आणि नुसती होत नव्हती, तिथून जो सूर निघाला तो थेट नदीपलीकडे गेला असता. बाळ मृणालकडून डॅनियलकडे, डॅनियलकडून क्लेअरकडे. रवीनं गाणं म्हटलं, सूनबाईनं खुळखुळा वाजवला. पोरगी पाय आपटतेय, मुठी नाचवतेय, कुणाच्या हातात म्हणून ठरत नाही. मी म्हटलं, "द्या इकडे." खांद्यावर घेतली, आणि आतून कुठून तरी माझ्या आईचा आवाज आलाच, खणखणीत.

"गोदे! पुरे झालं! केव्हाची थयथयाट करतेयस! एका जागी स्वस्थ म्हणून बसवत नाही कार्टीला!"

सगळी खोली गप्प झाली. बाळ सोडून.

रवी पांढराफटक. "आई! अगं, आजीचं नाव आहे ते! तिच्या हयातीत कधी उच्चारलं नाहीस, आणि आता तिला एवढं ओरडून बोलतेस?"

"तुझ्या आजीला कोण बोलतंय?" मी म्हटलं.

चौथी कोण, हे तिथं एकट्या सुधाला ठाऊक; तिला चहाचा ठसका लागला, तो लागलाच.