उजवा गाल कंपनीचा

वस्तू कोणतीही असो, भाभी ती आधी उजेडाकडं धरायच्या. डावा डोळा मिटायचा, वस्तू एकदा सुलटी, एकदा उलटी फिरवायची, अंगठ्याचं नख तिच्यावरून हलकेच ओढायचं आणि मग निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा.

"पास न्हाई, फेल बी न्हाई. रीवर्क!"

टोमॅटो, घासलेली पातेली, माझ्या मुलीचा निबंध, सगळं या तपासणीतून गेलेलं. त्यांच्या भाचीला बघायला एक मुलगा आला होता. त्याला उजेडाकडं धरता येईना, म्हणून भाभींनी त्यालाच "जरा गॅलरीत येता का?" म्हणून बोलावलं. हे मी समोरच्या दारातून पाहिलंय. नख तेवढं ओढलं नाही.

शिरूरला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक भाभींचं, आणि दोघांत मिळून एक गच्ची. नोकरीही एकाच कंपनीत, रांजणगावला. मी स्टोअरमध्ये, म्हणजे माल आत घ्यायचा, माल बाहेर द्यायचा आणि मधे चहा प्यायचा. अशी वीस वर्षं. भाभी तपासणीच्या टेबलावर. गाड्यांना लागणारे सुटे भाग दिव्याखाली धरून त्या बघायच्या आणि टॅग लावायच्या. हिरवा म्हणजे पास. पिवळा म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून पुन्हा तपासायचं. लाल म्हणजे रिजेक्ट. लाल टॅग दिसला की मी तो माल उचलतो आणि भंगारात टाकतो. विचार करायचा नसतो, म्हणून तर ते काम मला दिलंय.

माझ्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी निळी, कायम कामगाराची. भाभींची पिवळी, ठेकेदाराकडच्या कामगाराची. बारा वर्षं पिवळी. त्या म्हणायच्या, "माझं रीवर्क अजून चालूच हाय, भाऊ."

त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळपट होता. टेबलावरचा दिवा उजव्या हाताला आणि रोज आठ तास त्याच दिव्याखाली मान, त्याचे वांग. त्या कुणालाही सांगायच्या, "उजवा गाल कंपनीचा, डावा माझा." त्यात तक्रार नसायची. आपण भावकीतली वाटणी सांगतो ना, तसा सूर.

पण कंपनीचा गाल परत मिळवायचा असं त्यांनी मनात घेतलं, आणि आमची सकाळची बस बदलून गेली. मागच्या चार बाकांवर बायका. भाभी डब्याच्या पिशवीतून बाटल्या काढणार, कोरफडीचा गर, काकडीचा रस, मुलतानी मातीचा लेप. माती सोडली तर सगळं आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांतलं, आणि मातीबद्दलही मला शंका होती. ड्रायव्हरमामा एकदा वैतागले. "ओ ताई, आरशात मागचा ट्रक दिसू द्या की जरा! तुमचीच तोंडं दिसत्यात."

"मंग बघा की मामा," भाभी म्हणाल्या, "ट्रकापेक्षा बरी हायेत."

एका सुट्टीच्या दिवशी त्या वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, नवा लेप जमलाय. पन आधी ट्रायल लॉट घ्यायला पायजे."

"मग घ्या की."

"तुमच्यावर."

मी त्यांच्या नवऱ्याला पुढं केलं, "भाईजान आहेत की घरात."

"त्यांना दाढी हाय. गालच सापडत न्हाई."

माझे गाल सापडतात. गेली दहा वर्षं त्यांचं क्षेत्रफळ वाढतंच आहे. मी आधारासाठी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "न्या हो भाभी, तसेही घरात बसूनच असतात."

नियम कंपनीचे होते. लेप फक्त डाव्या गालाला. उजवा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. घरात रोज वीस मिनिटं शांतता पसरू लागली. चौथ्या दिवशी बायकोनं वेळ वाढवून मिळेल का, अशी भाभींकडं चौकशी केली.

तीन आठवड्यांत माझा डावा गाल निवडणुकीच्या फ्लेक्सवरच्या उमेदवारासारखा तुकतुकीत झाला. उजवा स्टोअरमध्येच राहिला. त्याच सुमारास कासुर्डीला लग्न निघालं. मांडवात आमचे चुलते, आप्पा, माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"तोंडावरनं वारं गेलं का काय रं?"

"न्हाई आप्पा, लेप लावतोय."

"मंग एकाच बाजूला? संपला का?"

फोटोवाल्यानं तर मला हात धरून बाजूला नेलं आणि नवरदेवाच्या डावीकडं, एका अंगानं उभं केलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा फोटो आहे. अर्धाच आहे, पण आहे.

परत आल्यावर भाभींनी मला गॅलरीत उभं केलं, डोळा मिटला. "मालाला चकाकी हाय. पन लावल्यावर आग हुती का?"

"होते थोडी."

"मंग रीवर्क. गुलाबपानी पायजे त्यात. तवर उजव्या गालाला हात लावायचा न्हाई."

"दुकानात मिळतं की गुलाबपाणी."

"त्ये न्हाई चालत. अम्मीच्या गुलाबाचं पायजे."

भाभींचं माहेर वडगाव रासाई. अंगणात त्यांच्या आईनं लावलेला गावठी गुलाब होता. आई त्याच्या पाकळ्यांच्या पाण्यानं तोंड धुवायची, आणि भाभी सांगायच्या तसं, म्हातारपणी कबरीत गेली ती एकही डाग नसलेल्या तोंडानं गेली. त्या वर्षी भावानं नवं घर बांधायला अंगण खणलं. भाभी पोचल्या तेव्हा झाड उपटून पडलेलं. त्यातली एक काठी त्यांना मिळाली. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या एसटीनं आल्या आणि ती गच्चीवर कुंडीत लावली. "अम्मीचं आता एवढंच राहिलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात त्या दिवशी पास-फेल काही नव्हतं.

आता टॅगचं सांगायला हवं, कारण त्यात माझाच हात आहे. कंपनीनं टॅगचा नमुना बदलला. जुने रद्दीत निघाले, त्यातला गठ्ठा मी भाभींना आणून दिला. कुंड्यांना लावायला बरे. हिरवे, पिवळे केव्हाच वापरून संपले होते. उरलेले सगळे लाल, कारण आमच्या कंपनीत रिजेक्शन कागदावर फारच कमी असतं. भाभींनी काय करावं? ज्या झाडांकडं जास्त लक्ष द्यायचं, त्यांना लाल टॅग बांधले. एक मोगरा, एक कोरफड आणि तो गुलाब.

दोन दिवस त्यांना बहिणीकडं खुटबावला जायचं होतं. किल्ली देताना म्हणाल्या, "भाऊ, झाडांना पानी घाला. लेप चुकवू नगा. ट्रायल मधीच तुटली तर रिपोर्ट चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या गालावर हिरवट लेप थापून, तोंड मिटून, पाण्याची बादली घेऊन गच्चीवर गेलो. पाणी घालता घालता लाल टॅग दिसले.

तुम्ही म्हणाल, माणूस जरा थांबेल. मी थांबलो नाही. वीस वर्षांची सवय डोक्यात नसते, हातात असते. हातांनी तीन झाडं उपटली, मुळं झटकली, पिशवीत भरली. मला तर आपण शेजाऱ्याचं काम हलकं केलं असंच वाटत होतं. खाली नगरपालिकेची घंटागाडी गाणं वाजवत आली होती. मी पिशवी तिच्यात टाकली आणि वर येऊन खुर्चीत बसलो, लेप वाळायची वाट बघत.

बायको कपडे वाळत घालायला वर गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो! अम्मीचा गुलाब कुठंय?"

मला बोलायची परवानगी नव्हती. मी हातानं रिजेक्टची खूण केली. तिनं कपाळावर हात मारला, आणि मग माझ्या हातांनी काय केलं ते माझ्या डोक्यापर्यंत पोचलं.

त्यानंतर शिरूरच्या गल्ल्यांतून जे दृश्य दिसलं ते काही लोकांनी मोबाइलमध्ये धरून ठेवलंय. बनियनवर स्कूटर चालवणारा, अर्ध्या तोंडानं हिरवा, पन्नाशीचा माणूस, गाणं ऐकू येईल त्या दिशेला वळतोय. पण गावात घंटागाड्या दोन, आणि गाणं दोघींचं एकच. पहिली चुकीची निघाली. दुसरी बाजारतळापाशी सापडली. मी आडवी स्कूटर घातली. तोंड उघडलं तर वाळलेला लेप तडकला आणि त्याचे कपचे खाली पडले.

गाडीवरचा माणूस दोन पावलं मागं सरकला. "काका, तोंडाला काय झालं?"

"गुलाब," मी म्हणालो.

"दवाखाना तिकडं हाय."

शेवटी मी स्वतःच ओल्या कचऱ्यात हात घातला. माझी अवस्था बघून तोही आला. भाताचं शीत, केळीची सालं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मोगरा मोडला होता. कोरफडीचा लगदा झाला होता. मग तोच म्हणाला, "ह्यो लाल कागद हाय त्ये का?"

तारेनं घट्ट बांधलेला टॅग, आणि त्याला धरून काठी. मी तिथंच, कचऱ्याच्या गाडीला टेकून, वीस वर्षांत पहिल्यांदा एक लाल टॅग वाचला. भाभींचं अक्षर ठसठशीत.

भाग : अम्मीचा गुलाब.
दोष : काही नाही. जागा नवीन.
कारवाई : रोज दोन शब्द बोलणे.
जबाबदार : मी.

संध्याकाळी भाभी आल्या तेव्हा मी त्यांच्या दारात उभा होतो. काठी पुन्हा कुंडीत रोवलेली, कुंडी माझ्या हातात. सगळं सांगितलं. त्यांनी कुंडी घेतली, उजेडाकडं धरली, डोळा मिटला. काठीच्या सालीवर नख ओढलं. वर तपकिरी, तपकिरी, आणि खाली, अगदी बुडाशी, हिरवं.

"पास न्हाई," त्या म्हणाल्या. "फेल बी न्हाई." पुढचा शब्द आलाच नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, कुंडी मांडीवर घेऊन, एसटीत बसल्या असतील तशा.

टॅग बोटांत धरून विचारलं, "टॅग वाचला न्हाई का, भाऊ?"

"रंग बघितला."

त्यांनी मान हलवली. "कंपनीच्या गेटवर मलाबी तसंच बघत्यात. गळ्यातली पट्टी बघत्यात, नाव कोन वाचतंय?" मग माझ्या तोंडाकडं लक्ष गेलं. कानामागं राहिलेला लेप दिसला आणि त्या इतक्या हसल्या, की भाईजान दाढी कुरवाळत बाहेर आले.

टॅगवर 'मी' खोडून त्यांनी 'भाऊ' लिहिलं. रोज दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडं आलं. गुलाबाशी काय बोलायचं? पहिल्या दिवशी मी म्हणालो, "माफ कर." दुसऱ्या दिवशी, "काय म्हणतोस?" तिसऱ्या दिवशीपासून विषय संपले, म्हणून मी स्टोअरमधल्या मालाची नावं घ्यायला लागलो. महिन्याभरानं काठीवर एक कोंब आला. गडद लाल. मी घाबरून भाभींचं दार वाजवलं.

"भाभी, लाल आलाय!"

त्या येऊन बघून गेल्या. "गुलाबाचं नवं पान लालच असतंय. जावा, चहा प्या."

पुढच्या पावसाळ्यात कंपनीनं ठेकेदार बदलला. एका दुपारी पिवळ्या पट्ट्या गेटवर जमा करून घेतल्या. भाभींनी त्यांची पट्टी देण्याआधी उजेडाकडं धरून पाहिली म्हणतात. काय निकाल दिला ते कुणी ऐकलं नाही. त्यांचा मुलगा दौंडला रेल्वेत आहे. त्या तिकडं गेल्या आणि कुरकुंभच्या एका कारखान्यात लागल्या. तिथंही तपासणीच. फोनवर सांगत होत्या, "हितं दिवा डावीकडं हाय, भाऊ. आता दोन्ही बाजू सारख्या हुतील."

जाताना गुलाब नेला. पण त्याआधी त्याची एक फांदी छाटून आमच्या कुंडीत लावली, तोच लाल टॅग बांधून. आता बसमध्ये ड्रायव्हरमामा आरशात बघतात आणि चिडचिड करतात. म्हणतात, "नुसते ट्रक दिसत्यात."

मी रोज सकाळी गच्चीवर जातो. फांदीशी दोन शब्द बोलतो आणि दौंडला दोन शब्द पाठवतो, "पाणी घातलं." पाळी सुटल्यावर उत्तर येतं, "ओके." परवा मी विचारलं, ट्रायलचा रिपोर्ट कधी देणार? त्यांनी लिहिलं, "गुलाबाला फुलं येऊ द्या. गुलाबपानी काढून मीच येते. तवर उजवा गाल तसाच."

समोरच्या घरात आता नवे भाडेकरू आले आहेत. अर्ध्या तोंडाला लेप लावून कुंडीपुढं पुटपुटणारा माणूस दिसला की ते हळूच दार लावून घेतात. कालच बायकोनं चांगली क्रीम आणली. म्हणाली, "पुरे झालं, लावा आता दोन्हीकडं."

डावीकडं लावली. उजवा तसाच ठेवलाय.