शेंगांवर मारलेलं पाणी

पलूसजवळच्या एका शेडमध्ये मशीनवर शेंगा फोडून, दाणा निवडून, पोती भरून द्यायचं काम मी नऊ वर्षं बघते. हाताखाली पंचवीस-तीस बायका असतात. प्रत्येक गोष्टीची यादी करायची मला सवय आहे: पोत्याचा क्रमांक, भरलेला दिवस, कुणी शिवलं, फुटका दाणा किती निघाला. सगळ्यांत जुनी मावशी एकदा म्हणाली, "ताईंची यादी म्हंजी सासू हाय. कवाच खूश व्हत न्हाई." सगळ्या हसल्या, मीही हसले.

त्या हिवाळ्यात आलेलं काम वेगळं होतं. आफ्रिकेतल्या एका देशात सलग काही वर्षं पाऊस झाला नव्हता. दोन्ही सरकारांचा करार होऊन आपल्याकडचा शेंगदाणा तिकडच्या कारखान्याला जाणार होता. दाणे दळून, त्यात दूधपावडर आणि साखर घालून तिथे मऊ गोड लगदा करतात. ज्या मुलांना घास गिळायचंही बळ उरलेलं नसतं, त्यांना तो पाकिटातून चाटवतात. निर्यात करणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी हे सांगितलं, तेव्हा मी यादीत एक ओळ वाढवली: फुटका दाणा अजिबात नको, लवकर खवट होतो. खाली लाल रेघ मारली आणि बायकांना दोनदा वाचून दाखवली.

पहिली गाडी बंदराकडे गेली. दुसरीची पोती तपासताना मी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचा दाणा कोरडा होता, आतला गार लागला. हात बाहेर काढून हुंगला, तर फडताळात राहिलेल्या ओल्या फडक्यासारखा वास.

"मावशी, शेंगांना पाणी मारलं होतं का?"

ती पाखडत होती. सूप थांबलं नाही. "मारलं की. आदल्या सांजंला शिपडायचं, वर पोतं झाकायचं. कोरडी शेंग मशिनीत घातली की दाण्याची डाळ व्हती. तुमीच फुटका नगं म्हनला न्हवं?"

"मग वाळवलं का नाही?"

"ऊन कुठं हाय? चार दिस झालं आभाळ हाय."

पलीकडची बाई म्हणाली, "बेण्याच्या शेंगांला बी असंच करत्यात. तुमच्या आईनं केलं न्हाई व्हय?"

केलं होतं. पेरणीचं बी फोडताना आई शेंगांवर पाणी मारायची, मीच तांब्या धरायचे. पण ते बी मातीत जायचं. ओल्या दाण्याला बुरशी धरली तर तिचं विष भाजूनही जात नाही. धडधाकट माणूस एखादे वेळी निभावून नेईल. पण हाडांचा सापळा झालेलं मूल? तिथेच खाली बसून यादी काढली. आभाळ आलेल्या दिवसांतली चौसष्ट पोती पहिल्या गाडीतून गेली होती.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, नमुना पास झालाय. परवा कंटेनर चढतोय."

"नमुना मीच दिला होता, साहेब. आधीच्या कोरड्या पोत्यांतला."

ते म्हणाले, "हे जहाज चुकलं तर पुढचं तीन आठवड्यांनी आहे. तिकडचा साठा संपत आलाय, ठाऊक आहे ना?"

"माल थांबवा. परत तपासा."

"मग तसं लिहून द्या. तुमच्या नावानं."

मी लिहून दिलं. पोत्यांचे क्रमांक यादीशी दोनदा ताडून पाहिले.

निकाल यायला चार दिवस लागले. ते दिवस कसे काढले ते मलाच माहीत. घरी ताटातली शेंगदाण्याची चटणी मी बाजूला सारायचे. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, माल खराबच निघावा असं मनात यायचं. चांगला निघाला, तर मी विनाकारण त्या मुलांच्या तोंडचा घास अडवला असं झालं असतं.

माल खराब निघाला. सगळा नाही, पण नाकारण्याइतका. घटकाभर सुटल्यासारखं वाटलं. मग आठवलं, जहाज तर गेलं.

ऊन पडल्यावर नवी शेंग कोरडीच फोडली. फुटका दाणा ढिगाने निघाला. बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो हाताने वेचत बसल्या. कुणी कुरकुर केली नाही. तिकडचं काय कळलं, असं त्या रोज विचारायच्या. शेवटी मी साहेबांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तेच शेडमध्ये येऊन सांगितलं: माल पोचेपर्यंत एकेका मुलाला अर्धंच पाकीट देतायत.

हातातला दाणा खाली ठेवून मावशीने विचारलं, "अर्ध्यावर निभतं का वो?"

नवी गाडी पुढच्या जहाजाच्या वेळेत गेली, माल पोचल्याचा कागदही आला. पण मधल्या तीन आठवड्यांत तिकडे काय झालं, हे मी साहेबांना अजून विचारलेलं नाही. फोन हातात घेते, आणि खाली ठेवते.