एफ-आठवरची टिकली

रनाळ्याहून ठिबकचं सामान घ्यायला मी नंदुरबारच्या ज्या दुकानात जातो, तिथे बिलं करणाऱ्या ताईंचं नाव मला अजून ठाऊक नाही. त्यांना माऊस लागत नाही. तो बिलांचे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला असतो. विक्रीचं बिल उघडणाऱ्या एफ-आठ बटनावर त्यांनी लाल टिकली चिकटवली होती. स्क्रीनवरून नजर न हलवता बोट टिकलीवर पोचायचं आणि मी माल सांगून होईतो प्रिंटर घरघरायला लागायचा.

परवा सकाळी पहिलं गिऱ्हाईक मीच. कीबोर्ड कोरा, नवा. ताईंचं बोट शेजारच्या एफ-नऊवर पडलं आणि खरेदीचं बिल उघडलं.

ताई खळखळून हसल्या. "दादा, बोहनीलेच तुम्ही आमले माल इकी ऱ्हायनात."

मग कपाळावरची टिकली काढून त्यांनी एफ-आठवर दाबून बसवली.

"ताई, कपाळ मोकळं राहिलं ना," मी म्हणालो.

"मन्हं कपाय मी कोठे देखस? या बटनवर मन्हं बोट दिनभर शे."

आणि न बघता त्यांनी टिकली दाबली.